गावातलं नवं घर: सोफा कुठे, कापूस कुठे, कूलर कुठे?

तुरीची शेंग
नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. जुनं मातीचं, कवेलूच्या छपराचं घर उतरवून त्याच जागेवर विटांचं बांधतोय. भिंती खिडक्यांच्या वर आल्या आहेत, स्लॅब पुढच्या महिन्यात पडेल. दार पूर्वेला. पुढे ओसरी, मग बारा बाय अठराची समोरची खोली, दहा बाय बाराच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे सांदवाडी, म्हणजे परसदार. आम्ही दोघं, सासू-सासरे, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. शेती आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर.

घरातल्या मांडणीसाठी दीड लाख बाजूला ठेवले आहेत. फोनवर सजावटीचे व्हिडिओ पाहते, पण त्यातलं एकही घर आमच्यासारखं राहत नाही. दिवाळीनंतर आमच्या समोरच्या खोलीत कापूस भरलेला असतो, भाव पाहून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. एप्रिल लागला की सहाही जण कूलरच्या खोलीत झोपतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा पन्नासेक माणसं जेवून जातात. आमच्या यांना सोफासेट आणि शोकेस हवं आहे. सासूबाईंना बंगई, म्हणजे टांगता झोपाळा, हवी आहे. मला घर देखणं हवं आहे. खेड्यातलं घर आहे, कसंही असलं तरी चालतं, हे मला मान्य नाही.

अशा घरात काय कुठे ठेवावं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

निंबोळी
ताई, दीड लाखातले निम्मे आधी सांदवाडीत कापसाच्या शेडवर घाला. उरलेल्यात सजावट. कापूस माणसांच्या खोलीत नको, या मताचा मी आहे. साठवलेल्या कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात. आणि आग. समोरच्या खोलीतच देवघर, देवघरात निरांजन, हातभर अंतरावर कापसाचा ढीग, हे आमच्या भागात घरोघरी दिसतं. जोडीला भिंतीत खाली मोबाईल चार्जिंगचा पॉइंट, तोही कापसात बुडालेला.

पळसबन
निंबोळी भाऊ, आगीचं शंभर टक्के बरोबर. शेडचं पटत नाही. शेतकरी कापूस घरात ठेवतो तो नजरेसमोर राहावा म्हणून. सांदवाडीतल्या शेडला कुलूप लावा, राखण करा, अवकाळी पावसात टिनाखालून पाणी शिरतंय का ते रात्री उठून पाहा. कापूस भिजला, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला, की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) घेत नाही, आणि व्यापारी मागेल त्या भावात द्यावा लागतो. वर्षाची कमाई अंगणात ठेवायची हिंमत होत नाही हो.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो. समोरची खोली लांबट आहे, ताईंच्यासारखीच. तिच्या एका टोकाला साधारण सात फूट सोडून दोन्ही भिंतींना समोरासमोर सागवानी चौकटी ठोकल्या, त्यांना उभ्या खाचा. खाचेत वरून आडव्या फळ्या सरकवायच्या. कापूस वाढेल तशी एकेक फळी वाढवायची, विकायला काढला की वरून एकेक काढायची. ढीग फळ्यांच्या मागे राहतो, पुढे दहा-अकरा फूट खोली मोकळी. पाहुणा आला तर व्यवस्थित बसतो. मार्चनंतर त्याच फळ्या विटांच्या दोन ओट्यांवर टाकल्या की दिवाण तयार. वर गादी, लोड. आमच्या सुताराने जुन्या घराच्या मयालीतूनच, म्हणजे तुळईतूनच, फळ्या काढून दिल्या, लाकडाला पैसा लागला नाही. तुमचं जुनं घर उतरवलंय, त्याची बल्ली-मयाल विकली नसेल तर विकू नका. तसं सागवान आता घ्यायला गेलात तर भाव ऐकूनच परत याल.

विळी
पळसबन भाऊ, फळ्यांची कल्पना फार आवडली. फोटो टाका ना.

मिस्त्री भाऊ
ताई, मी मिस्त्रीकाम करतो. स्लॅब पडाच्या आधी ज्या गोष्टी होतात त्या सांगतो. मंग मले फोन करसान तर भिंत फोडल्याशिवाय काई होत नाई.

बंगई पाहिजे असन तर कड्या स्लॅबच्या लोखंडातच बांधा. जागा आत्ता ठरवा. मांगून मशीनने भोक पाडून लावलेल्या कडीवर दोन माणसं बसाचा भरोसा मी देत नाई.

कूलरची खिडकी ठरवा. कूलर घराच्या बाहेर, स्टँडवर, आन त्याच्यावर सावली. खिडकीजोळच बाहेरच्या बाजूनं बोर्ड, अर्थिंगसकट. कूलरच्या समोरच्या भिंतीले दुसरी खिडकी पाहिजेच. हवा आत येते तशी बाहेर गेली पाहिजे, नाईतर घंट्याभरात खोली दमट होते आन आंग चिकचिक करते. लोकं दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवतात, मंग म्हणतात कूलर थंडा देत नाई.

कापसाच्या टोकाले भिंतीत खाली एकही पॉइंट नोको. बोर्ड पाच फुटाच्या वर.

दोन्ही झोपाच्या खोल्यायत दारावर दीड-दोन फुटाची टाँड, म्हंजे माळा, काढून घ्या. गाद्या, वाकळा, महालक्ष्मीचं सामान, सारं तिथं जाते, खाली जागा खाली राहते.

आन तुमचं सैपाकघर पश्चिमेले येते. मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या भिंतीले हात लावता येत नाई. मांगं सात-आठ फुटाची छपरी ओढा. भिंतीवर ऊन पडू द्यायचंच नाई.

संत्रा मोर्शी
मिस्त्री भाऊंच्या पोस्टला माझ्याकडून हार. बंगई तर पाहिजेच!

कडीपाट
कूलरवरून सांगते. पाणी भरायच्या आधी बटण बंद करून पिन काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला, पोरांनाही, सांगून ठेवा. टिनाच्या कूलरचा शॉक लागून दरवर्षी आपल्या भागात माणसं जातात. अर्थिंगचे पैसे वाचवू नका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास त्याच साचलेल्या पाण्यात वाढतो. आणि कूलरच्या ताट्या वाळ्याच्या घ्या. महाग पडतात, पण पहिल्या दिवशी घरभर जो वास सुटतो त्याला तोड नाही.

सागवान
सोफ्याबद्दल कोणीच बोललं नाही, मी त्याच्या बाजूने लिहितो. घरात पोरगी आहे. चार वर्षांनी सोयरीक पाहायला लोक येतील. समोरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडणार का? भाऊंना सोफा हवा आहे त्यात चूक काय? माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो. फक्त फोमचा, कापड चढवलेला घेऊ नका. मातीच्या रस्त्याची धूळ आणि कापसाचे तंतू त्यात बसले की निघत नाहीत, उंदीर खालून शिरतो. लाकडी सेटी करा, सुट्या गाद्यांची. खोळी धुता येतात, गाद्या उन्हात टाकता येतात. दोघांना उचलता येईल एवढंच वजन ठेवा, म्हणजे महालक्ष्मीच्या पंगतीला ओसरीवर काढता येईल.

विळी
सागवान दादा, सेटीचं मान्य. पण मुलगी दहावीत आहे हो! सोयरिकीसाठी खोली सजवण्याआधी तिला अभ्यासाची जागा द्या. खेड्यातल्या घरात ही एक गोष्ट कोणी धरतच नाही. पोरं बाजेवर वाकून लिहितात, नाहीतर टीव्हीच्या खोलीत. दोनपैकी एका खोलीत खिडकीखाली भिंतीला टेकून कडप्प्याची पाटी बसवा, चार फूट लांब, दीड-दोन फूट रुंद, जमिनीपासून अडीच फूट उंच. प्लास्टरच्या आधी सांगितलं तर मिस्त्री सहज बसवतो. वर पुस्तकांची एक फळी, एक दिवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून आलेला बरा. खोलीला दार असू द्या, पडदा नको. दार लावून बसायची मुभा मुलीला मिळाली की तिचा अभ्यास होतो. माझ्या पुतणीचं पाहून सांगते.

सागवान
विळीताई, बरोबर आहे तुमचं. आधी टेबल, मग सेटी.

गुंडभर पाणी
मी साठीची आहे, सगळा जन्म स्वयंपाकघरात गेला, म्हणून त्यावरच लिहिते. बाळ, ओटा शहरातल्या मापाने करू नको. ओट्याजवळ ताठ उभी राहा, हात कोपरात वाकव, कोपरापासून चार इंच खाली जे माप येईल ती ओट्याची उंची. घरात पोळ्या तू करतेस की सासूबाई, जी जास्त करते तिचं माप. पाठ वाचते. गॅसचं सिलिंडर खाली जमिनीवर आणि शेगडी वर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी ठेव, गच्च दार नको.

चूल मोडू नको. मिस्त्री भाऊ म्हणाले त्या छपरीत घाल. रोडगे, पानगे, पन्नास माणसांचं वरण, आंघोळीचं पाणी, सगळं तिथे. धूर बाहेरच राहतो आणि नव्या भिंती काळ्या होत नाहीत.

पिण्याच्या पाण्याला जागा ओट्यावर नाही, वेगळी. घडे ठेवायची घडवंची असेल तर तीच ठेव, नसेल तर स्वयंपाकघराच्या दारापाशी, जिथे ऊन येत नाही पण वारा येतो, तिथे हातभर उंच कट्टा. त्याच्यावर माठ आणि पाण्याचा गुंड. आल्यागेल्याला पाणी द्यायला आतपर्यंत जावं लागत नाही. मोठे गंज, म्हणजे पातेली, आणि कढया खालच्या कप्प्यात, कारण वरून उतरवताना पडला गंज तर पायाचं बोट जातं.

वैनगंगेकाठी
आम्ही भंडाऱ्याकडचे, आमच्याकडे कापसाऐवजी धान. अडचण तीच. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, जमिनीवर ठेवायचे नाहीत, खाली लाकडी पाट्या. भिंतीपासून हात-दीड हात सोडायचं. ओल लागत नाही, आणि मागून झाडता येतं. भिंतीला चिकटवलेल्या थप्पीमागे विंचू असतो, साप असतो. झोपायच्या खोलीत तर कट्टे लावूच नका.

शोकेसबद्दल एक सुचवते. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, माझ्या माहेरी आईचे गुंड, परात, गडवे आहेत. काचेच्या शोकेसमध्ये प्लास्टिकची फुलं आणि मेळ्यातली बाहुली ठेवण्यापेक्षा समोरच्या खोलीत भिंतीला सागवानी फळी लावून चिंचेने घासलेलं पितळ मांडा. सकाळचं ऊन पूर्वेच्या दारातून त्याच्यावर येतं. तुमच्या घरी सासूबाईंचं काही पितळ असेलच, मोडीत देऊ नका.

वर्धेकर
सेवाग्रामची बापूकुटी पाहिली नसेल तर स्लॅब टाकण्याआधी घरच्या सगळ्यांना घेऊन जा, दारव्ह्याहून एका दिवसात होतं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. आजूबाजूला मिळणारी माती, बांबू, कवेलू यांतच सगळं बांधलं आहे. आत बसायला चटई, समोर बुटकं मेज, हाताच्या अंतरावर लागेल तेवढंच सामान. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाची चित्रं केली आहेत, ताडाची झाडं आणि चरखा. मला त्या खोलीइतकी सुंदर खोली महाराष्ट्रात दुसरी माहीत नाही. सजावट विकत आणायची गरज नसते, ती भिंतीतच करता येते. मातीचं घर उतरवलंत याचं खरं तर वाईट वाटलं.

कडीपाट
वर्धेकर काका, बापूकुटी मलाही आवडते. पण मातीच्या घराला दर आठवड्याला सारवायचं कोणी? पोळ्याआधी, दिवाळीआधी भिंती पोतारायच्या कोणी? पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळतो का आज? माझ्या आईचे गुडघे त्या जमिनींनी घेतले. ताई टाइल्सची फरशी करणार असतील तर मला आनंदच आहे. एका फडक्यात पुसून होते.

वर्धेकर
कडीपाट ताई, सारवण्याचं काम बायांवरच पडतं हे खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चित्रांपुरतं म्हणतो. विटांच्या भिंतीवरही प्लास्टर ओलं असताना कोनाड्याभोवती सिमेंटच्या उठावाची वेल काढता येते. हौशी गवंडी हौसेने करतो.

घरकुल क्र १४
तुमच्या खोल्यांची मापं वाचून हेवा वाटला, रागावू नका. आमचं घर घरकुल योजनेतलं. आम्हाला तेव्हा अनुदान मिळालं १ लाख २० हजार, जागा २५ चौरस मीटर, स्वयंपाकासकट. त्यात पाच माणसं. मोठी घरं असलेल्यांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

जमिनीवर कमीत कमी. दिवसा बाजा उभ्या करून ओसरीच्या भिंतीला. पलंग घेतलाच नाही. लोखंडी पेट्या दोन, शेजारी-शेजारी, वर सतरंजी, तीच बसायची जागा. भिंतीत कोनाडे जितके करता येतील तितके केले: देवाचा, आरशाचा, मोबाईलचा, औषधांचा. रंग आतून पांढरा, चौकटींना निळा. खिडकी एकच आहे, तिच्यासमोर काहीही ठेवायचं नाही हा घरात नियम. लुगड्याचा पडदा केला आहे बायकोने, आईच्या नऊवारीचा, काठ खाली. गावातल्या मोठमोठ्या घरच्या बाया येऊन तो पडदा पाहून जातात.

तुरीची शेंग
घरकुल भाऊ, तुमची पोस्ट यांना आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. पडद्याची कल्पना घेतली, माझ्या आजेसासूबाईंचं एक लुगडं आहे.

बुरडाची लेक
गडचिरोलीहून. बांबूबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कापसाचा आडोसा, ओसरीची जाळी, दिव्याचं झाकण, धान्याच्या टोपल्या, सगळं बांबूत होतं, स्वस्तात होतं आणि आपल्याच मातीतलं दिसतं. हिरवा बांबू तोडून तसाच वापरला की पोखरकिडा लागतो, खाली पिवळी पूड पडते. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा, त्यातली साखर-पीठ निघून जातं, मग सावलीत वाळवायचा. नाहीतर बोरॅक्स-बोरिक पावडरच्या पाण्यात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, जमलं तर जाऊन या. मिस्त्री भाऊंच्या छपरीला पश्चिमेकडून बांबूचा ताटवा लावा. ऊन अडतं, वारा येतो.

निंबोळी
पळसबन भाऊंच्या फळ्या मलाही पटल्या, शेडचा आग्रह सोडतो. दोन गोष्टी मात्र अजिबात सोडू नका. एक, देवघर त्या खोलीतून हलवा. दुसरी, फवारणीची औषधं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती घरं उघडी पडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तरी औषधाच्या बाटल्या आजही स्वयंपाकघराच्या माळ्यावर, धान्याच्या खोलीत सापडतात. घराबाहेर, सांदवाडीच्या टोकाला, विटांचं तीन फुटी कपाट करा, लोखंडी दार, कुलूप, वर हवेला जाळी. पंप, हातमोजे, फवारणीचे कपडे तिथेच. जवळ नळ असेल तर हातपाय तिथेच धुऊन घरात यायचं. सुंदर घराच्या यादीत हे कोणी धरत नाही, मी पहिलं धरतो. आणि रागाच्या भरात कोणाचा हात त्या बाटलीकडे जायचा असेल, तर मधे कुलूप असलेलं बरं.

पळसबन
निंबोळी भाऊ, शेवटच्या वाक्यासाठी हात जोडतो.
कापसाचं एक राहिलं. फळ्यांच्या आत खाली सुती चादरी किंवा धोतरं अंथरा, प्लास्टिकची ताडपत्री किंवा फाटकी पोती नकोत. प्लास्टिकचे धागे कापसात मिसळले की जिनिंगमध्ये निघत नाहीत, प्रत उतरते.

तुरीची शेंग
मंडळी, दोन रात्री बसून आम्ही सगळ्यांनी हे वाचलं. ठरलं ते असं.

समोरच्या खोलीचं उत्तरेचं टोक कापसाला, फळ्या आणि खाचांसकट. मयाल विकलेली नाही, बाहेर झाकून ठेवली आहे. दक्षिणेकडे लाकडी सेटी आणि दोन खुर्च्या, यांनीच सुताराला सांगितलं. शोकेस रद्द, सासूबाईंचं पितळ फळीवर. त्या ऐकूनच माळ्यावरून गडवे काढायला बसल्या. देवघर सासू-सासऱ्यांच्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीत कोनाडा करून. मुलीच्या खोलीत कडप्प्याची पाटी, आणि दाराला आतून कडी. चूल छपरीत. औषधांचं कपाट सांदवाडीच्या टोकाला, ते सासरे स्वतः बांधणार आहेत.

दोन गोष्टी अडल्या आहेत. महालक्ष्म्या भाद्रपदात, तेव्हा कापूस नसतो, म्हणजे उत्तरेच्या टोकालाच बसवता येतील ना? आणि बंगई ओसरीत की समोरच्या खोलीत?

वैनगंगेकाठी
फळ्यांचा दिवाण असेल तो, त्याच्यावरच मखर मांडा. फूटभर उंची आपोआप मिळते, पुढे पंगत बसते. त्या टोकाच्या भिंतीला गडद रंग देऊन ठेवा, शेंदरी नाहीतर हिरवा, म्हणजे दरवर्षी मागे पडदा बांधावा लागणार नाही.

गुंडभर पाणी
बंगई ओसरीतच. खोलीत टांगली की तिच्या झोक्याएवढी जागा कायमची गेली. सासूबाईंना येणारे-जाणारे दिसले पाहिजेत, तूर निवडायलाही तिथेच बरं.

मिस्त्री भाऊ
ओसरीतच घ्या. पन भिंतीले समांतर टांगा, दाराच्या समोर नोको, येता-जाता घुडग्याले लागते. मांगं-पुढं अडीच-अडीच फूट मोकळं पाहिजे, तुमची ओसरी किती रुंद आहे ते सांगा. साडेसहा फूट असन तर बसते. त्याहून कमी असन तर पाट अरुंद करा लागन. आन कड्यायचं लोखंड सेंट्रिंग लागाच्या आधी आणून ठेवा, लोखंड बांधणाऱ्याले मी जागा खडूनं दाखवून देईन.

तुरीची शेंग
साडेसहा आहे भाऊ.

मिस्त्री भाऊ
मंग झालं. पाट दीड फूट रुंद, साडेचार फूट लांब. दोघी बसतात आरामात.